'निर्यात करा' म्हटल्यावर मूळ फाइल राहते की जाते?

टाचणवही
गेले दोन महिने रात्रीची जेवणं झाली की मी एक काम घेऊन बसतो. ईमॅक्स या मजकूर-संपादकात ऑर्ग मोड नावाची सोय आहे. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली स्वतःच्या टिपणांसाठी ती सुरू केली. साध्या मजकुरात लिहायचं, मथळ्याआधी तारका (*) टाकायच्या, आणि शेवटी कंट्रोल-सी, कंट्रोल-ई दाबून येणाऱ्या यादीतून पीडीएफ निवडली की तीच टिपणं लाटेक या पानं जुळवणाऱ्या प्रोग्रामकडे जाऊन पुस्तकाच्या पानासारखी जुळून येतात. नागपुरातल्या काही संशोधक विद्यार्थ्यांसाठी मी याची मराठी पुस्तिका करतोय.

परवा पहिलं प्रकरण भाचीला वाचायला दिलं. 'आता टिपणे निर्यात करा' या वाक्यापाशी ती अडली. "मामा, निर्यात केल्यावर माझी फाइल राहते न? की जाते?" आधी मी हसलो. मग वाटलं, बरोबरच विचारतेय पोरगी. संत्री निर्यात झाली की बागेत उरत नाहीत. इथे मात्र मूळ फाइलला हातही लागत नाही, शेजारी दुसरी तयार होते. 'एक्स्पोर्ट'ला शब्द सुचवा. 'निर्यात' ठाऊक आहे, तो सोडून. पुस्तिकेचा नमुना सोबत पाठवतोय.

शुद्धमती
तो सोडून का? निर् + या, म्हणजे बाहेर जाणे. आयात-निर्यात ही जोडी मराठीत पक्की बसलेली आहे. इंग्रजीतल्या शब्दातही माल वाहून नेण्याचाच अर्थ आहे, तिथे कुणी 'फाइल राहते का' असं विचारत नाही. 'महापौर', 'दिग्दर्शक' हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हा लोक हसले असतीलच. आज कुणी हसतं का? वापरा म्हणजे रुळेल.

बर्डीवाला
काहून एवढं डोकं लावून राहिले भाऊ? बर्डीवर माझं डीटीपीचं दुकान हाय, २२ वर्षं झाली. एक गिऱ्हाईक 'निर्यात करून द्या' म्हणत आलं नाही. 'पीडीएफ काढून द्या' म्हणते. पोट्टे तं 'पीडीएफ मारून दे' म्हणतेत. झेरॉक्स काढते, प्रिंट काढते, फोटो काढते. फोटो काढला म्हणून माणूस जागेवरून जाते काय?

टाचणवही
बर्डीवाले भाऊ, हे झकास. 'पीडीएफ काढा' असं लिहून पाहतो.

अर्धपुणेकर
थांबा, घाई करू नका. फोटो काढला तर माणूस राहतो, पण दात काढला की जातो. नाव काढलं म्हणजे कीर्ती झाली, आणि यादीतून नाव काढलं म्हणजे गेलं. आता तुमच्या पुस्तिकेत 'फाइल काढा' असं कुठे आलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं? कपाटातून बाहेर घ्या, उघडा, की पुसून टाका? भाचीला मूळ फाइल जाण्याची भीती वाटली होती, आणि तुम्ही तिच्या हाती नेमकं तेच क्रियापद देताय.

बर्डीवाला
'फाइल काढा' कोण म्हणून राहिलं? 'फाइलची पीडीएफ काढा'. 'ची' दिसत नाही काय तुमाले?

अर्धपुणेकर
दिसतो. पुस्तिका वाचणारे 'ची' वाचत नाहीत. ते ठळक अक्षरं वाचतात.

मास्तरीण
वर्गात आम्ही म्हणायचो, 'फळ्यावरचं वहीत उतरवून घ्या.' उतरवून घेतलं तरी फळ्यावरचं फळ्यावरच राहतं, डस्टर फिरेपर्यंत. मग 'टिपणं पीडीएफमध्ये उतरवा' कसं वाटतं?

टाचणवही
बाई, हे मनापासून आवडलं. अडचण एवढीच, की 'उतरवून घ्या' हे डाउनलोडसाठी बऱ्याच जणांच्या तोंडी बसलंय. वाचणारा इंटरनेटवर शोधत बसेल.

संत्राबाग
काटोलहून लिहितो. निर्यात म्हटलं की आमच्या पोटात गोळा येते. आमची निर्यात म्हणजे बांगलादेश. तिकडे आयात शुल्क वाढलं अन् इकडे आंबिया बहाराचा माल कळमन्याच्या बाजारात पडेल त्या भावात द्यावा लागला. २०१४ मधे नागपुरी संत्र्याले भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा कागद हाय, भाव नाही. तुमच्या फाइलीले तरी शुल्क लागत नाही, सुखी हात.

मास्तरीण
टाचणवही, 'निर्यात'पेक्षा मला तुमची दुसरीच गोष्ट खटकली. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात 'टीप' तीन अर्थांनी आली आहे. लिहिलेलं टिपण म्हणजे टीप, पानाच्या तळाशी येते ती टीप, आणि चौकटीत 'टीप : हे करू नका' अशी सूचना. एका वाक्यात तर 'टिपेतील टीप' आहे! पहिलीला टिपण म्हणा, दुसरीला तळटीप, आणि तिसरीला सरळ 'लक्षात ठेवा'. आम्ही शिक्षक पाठाचं टाचण काढायचो, तोही शब्द चांगला. टाचणे म्हणजे टाके घालून जोडणे. टाचण सुटं राहत नसे, वहीला टाचलेलं असे, म्हणून टाचण असावं.

अर्धपुणेकर
बाई, 'टाचण काढायचो' म्हणालात. काढलं, तरी पाठ गेला नाही.

बर्डीवाला
😀 जमलं आमचं.

जुनाजुळारी
नमस्कार. नातवाने हा धागा दाखवला. 'निर्यात' वगैरेतलं मला समजत नाही, पण नमुन्यात एके ठिकाणी 'छापील पीडीएफ' लिहिलंय ते चूक आहे. छापणं आणि जुळवणं ही दोन वेगळी कामं. नागपुरातल्या महाल भागात एका छापखान्यात मी १९ वर्षं जुळारी होतो. समोर केस, तिच्यात घरं, घरांत खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने खिळा उचलायचा. अक्षर उलटं वाचायचं. देवनागरीत घरं इतकी, की 'ष्ट्य' शोधायला नवा पोरगा अर्धा दिवस लावी. ओळ भरली की शब्दांच्या मधे पातळ-जाड स्पेस घालून ती घट्ट करायची. ढिली राहिली तर फोरमन बोटाने दाबून पाही आणि काही न बोलता पुढे जाई. तो न बोलला की समजायचं, पुन्हा करायची. पान झालं की दोऱ्याने बांधायचं, मग फर्मा. छपाई त्याच्यानंतर, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसाकडे.

तुमचं ते लाटेक जुळारी आहे. छापणारा नव्हे. शब्द आधीपासून आहे : अक्षरजुळणी. पुस्तकांच्या श्रेयपानावर अजूनही छापतात.

टाचणवही
काका, साष्टांग नमस्कार. हे पुस्तिकेतच टाकावंसं वाटतंय. लाटेकच्या पोटात टेक हा मूळ प्रोग्राम आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांना १९७७ साली स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. खिळ्यांची जुळणी जाऊन फोटोची जुळणी आली होती, आणि पानं त्यांना इतकी भिकार वाटली की त्यांनी स्वतःच जुळारी लिहायला घेतला. टेकला अक्षर म्हणजे एक डबी आणि शब्दांमधली जागा म्हणजे ताणता-दाबता येणारा डिंक. ओळ कुठे तोडायची ते तो एकेका ओळीपुरतं पाहत नाही, अख्खा परिच्छेद पाहून ठरवतो.

जुनाजुळारी
आम्हीही मागच्या दोन ओळी सोडून पुन्हा भरायचो. फक्त परिच्छेदाच्या पैशात वाढ होत नसे.

शुद्धमती
'टेक' नव्हे. ग्रीक ख्री वर्ण आहे शेवटी, क्नुथ स्वतः 'टेख'च्या जवळचा उच्चार सांगतात. मूळ तेख्ने, म्हणजे कला. आणि त्या कुळाचा आपला संस्कृत नातेवाईक तक्षन्, सुतार. तेव्हा मराठीत याला 'तक्ष' म्हणायला हरकत नाही.

बर्डीवाला
माझ्या दुकानावर पाटी लावतो : 'येथे तक्ष करून मिळेल.' लोक फर्निचर घेऊन येतीन.

अर्धपुणेकर
वर्णाचं नाव 'खी' आहे, 'ख्री' नव्हे. शुद्धलेखनाचा विषय आहे म्हणून सांगितलं.

शुद्धमती
टंकनदोष. नागपूरकरांनी परिभाषेची टिंगल करावी हे मात्र नवल. कोशकार डॉ. रघुवीर लाहोरहून आपली संस्था घेऊन इथेच आले होते, इथे बसूनच त्यांनी परिभाषेचे हजारो शब्द घडवले. 'लोहपथगामिनी' त्यांच्या नावावर खपवून हसणं सोपं आहे.

अर्धपुणेकर
हसत नाही. पण फारसी शब्दांना पर्याय द्यायला शिवाजी महाराजांनीही राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता, तरी आपण आजही अर्जच करतो. तुम्ही ज्याला 'साधा मजकूर' म्हणता त्यातला 'मजकूर' अरबी आणि 'साधा' फारसी. कुठला काढणार?

शुद्धमती
'साधा मजकूर' मी नाही, टाचणवहींनी लिहिला. मी 'निराकार पाठ्य' सुचवणार होते.

बर्डीवाला
निराकार! विठ्ठला. साधे पोहे अन् तर्री पोहे, एवढं तं नागपुरात कोणालेही समजते. ऑर्गची फाइल साधे पोहे, पीडीएफ तर्री मारलेले. झालं.

टाचणवही
तर्री आठवण करून दिलीत, आता रात्री अकराला कुठे जाऊ.

असो. 'निर्यात' की 'काढा' यात मी गुंतलो आणि काल भाचीने ती पायरी सरळ एक्स्पोर्ट समजून केलीही. पीडीएफ आली. इंग्रजी होतं, आकडे होते, मराठी अक्षरं गायब! कारण ऑर्ग आपणहून लाटेकच्या पीडीएफ-लाटेक या अवताराकडे जातो, आणि त्याला देवनागरी उमगत नाही. फाइलच्या डोक्यावर लाटेक-कंपायलरच्या ओळीत झीलाटेक किंवा लुआलाटेक या दुसऱ्या अवताराचं नाव लिहावं लागतं आणि देवनागरी फॉन्टचं नाव द्यावं लागतं. मी शोभिका दिला, आयआयटी मुंबईतला, मुक्त आहे. हे मला इतकं अंगवळणी पडलंय की पुस्तिकेत लिहायचंच राहिलं. दोन महिने शब्द घासत बसलो आणि ज्या ओळीवाचून मराठी उमटतच नाही ती ओळ नाही.

तिचा शोधनिबंध चार पातळ्यांच्या मथळ्यांचा आहे. चौथ्या पातळीचे मथळे पीडीएफमध्ये मथळे राहिलेच नाहीत, यादीतले मुद्दे झाले. ऑर्ग मुळात तीनच पातळ्या मथळे म्हणून पाठवतो. ऑप्शन्सच्या ओळीत 'एच' पुढे ४ लिहिलं की प्रश्न मिटतो. आणि फाइलींच्या नावात अंडरस्कोर होते, त्यांच्या पुढची अक्षरं खाली घसरून बारीक झाली, रसायनशास्त्रातल्या पाण्याच्या सूत्रातल्या २ सारखी.

मास्तरीण
मग दुसरं प्रकरण याच चुकांचं करा. आधी काय बिघडतं ते, मग का. मुलं तसंच वाचतात.

अर्धपुणेकर
आणि 'एक्स्पोर्ट'चं म्हणाल तर पडद्यावर काय दिसतं? तिथल्या यादीवर इंग्रजीत एक्स्पोर्टच लिहिलंय न? मग पुस्तिकेत दुसरं काहीही लिहिलंत तरी वाचणारा पडद्यावर ते शोधत बसणार. बटणावरचा शब्द बटणावरचाच ठेवा. समजावताना 'पीडीएफ काढणे' म्हणा, आणि पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य टाका : 'मूळ फाइल जशीच्या तशी राहते.'

शुद्धमती
म्हणजे पडदा इंग्रजी आहे म्हणून पुस्तिकाही इंग्रजी. याच वाटेने मराठी गेली. आधी पडदा मराठी करा.

बर्डीवाला
मॅडम, तुम्ही करा, आम्ही वापरू. आईशपथ.

शुद्धमती
करीनही. टाचणवही, सुधारलेल्या दोन्ही प्रकरणांची पीडीएफ काढून मला पाठवा, मी तपासून देते.

बर्डीवाला
काय करून पाठवू म्हणता?

शुद्धमती
वाचलंत ते पुरे.

जुनाजुळारी
माझं एक विचारायचं राहिलं. त्या फॉन्टमध्ये ल आणि श आपले येतात की हिंदी वळणाचे? दुकानातल्या पाट्यांवर हल्ली सगळीकडे हिंदी ल दिसतो, डोळ्यांत खुपतो. आमच्याकडे मुंबईचे खिळे होते.

टाचणवही
काका, काही फॉन्टांमध्ये दोन्ही आकार असतात. भाषा मराठी असं सांगितलं की मराठी वळण येतं. नाही सांगितलं तर फॉन्ट बनवणाऱ्याची मर्जी.

जुनाजुळारी
मग भाषेची ओळही पुस्तिकेत घाला. आणि 'वऱ्हाड' जुळवून बघा. त्या चंद्रकोरीसारख्या र चा आमच्याकडे वेगळा खिळा होता, कायम कमी पडे. तो आला तर तुमचा जुळारी खरा.

टाचणवही
आत्ता करून पाहिलं. रफार आला डोक्यावर. 'वर्हाड' झालं.

बर्डीवाला
नुसता र अन् हलंत दाबला असंन. नुक्तावाला ऱ घ्या, मंग हलंत, मंग ह. रोज लग्नपत्रिका करतो भाऊ, 'वऱ्हाडी मंडळी' शंभरदा टाइप होते.

टाचणवही
हो, आता आला. काका, आला बघा.

जुनाजुळारी
मोठा करून दाखवा. नातू झोपला, चष्मा सापडत नाही.