शब्दचर्चा: ‘अपील’ आणि ‘न्यायालयीन पुनर्विलोकन’

गोरेगावहून विचारणा
आमच्या सोसायटीचा अर्ज एका सरकारी कार्यालयाने फेटाळला. सुनावणी नाही, कारण नाही. पत्रात एकच ओळ, ‘विनंती मान्य करता येत नाही’. आम्ही हायकोर्टात गेलो. सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं, ‘अपील केले आहे’. वकील म्हणतात, हे अपील नव्हे, न्यायालयीन पुनर्विलोकन. खरंच फरक आहे, की नुसताच जड शब्द?

गिरगावातून उत्तर
फरक आहे, आणि शेवटी तुमच्या पदरात काय पडणार ते त्यावरच ठरतं. अपिलात वरची पायरी खालचा निर्णय बदलून स्वतःचा देऊ शकते. पुनर्विलोकनात ‘विलोकन’ आहे, म्हणजे पाहणं. अवलोकन, सिंहावलोकन यांच्याच घरातलं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट (सरकारी कारवाईविरुद्धची याचिका) गेलं की हायकोर्ट पाहतं ते निर्णय कसा झाला: अधिकार होता का, बाजू ऐकली का, भलतंच काही मनात धरून ठरवलं का. टाटा सेल्युलर खटल्यात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने हीच रेघ ओढली आहे.

आपल्या अंधेरीचंच उदाहरण घ्या. तिथे सिनेमागृह बांधायला पोलीस आयुक्तांनी जुलै १९४७ मध्ये परवानगी दिली आणि सप्टेंबरात ती रद्द केल्याचं पत्र धाडलं. पत्राचा सूर असा, की सरकारच्या निर्देशावरून कळवण्यात येते. नियमाने अधिकार होता आयुक्तांना. पत्रात बोलत होतं सरकार. निर्णय आपलाच होता, असं नंतर सांगून भागलं नाही. आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरूनच लावायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली ठरवलं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. परवाना ठेवायचा की काढायचा हे न्यायालयाने स्वतः ठरवलं नाही. आयुक्तांनाच सांगितलं, स्वतःच्या बुद्धीने विचार करा आणि स्पष्ट आदेश काढा.

म्हणून ‘कोर्टातून परवानगी आणली’ हे बोलणं बहुतेक वेळा चुकीचं असतं. आदेश रद्द होतो आणि प्रकरण फेरनिर्णयासाठी त्याच टेबलावर परत जातं.

बोरिवलीहून
दादा, एक भर घालते. मी तहसील कार्यालयात अव्वल कारकून होते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत नुसतं ‘पुनर्विलोकन’ म्हणजे अधिकाऱ्याने आपला किंवा आपल्या आधीच्या अधिकाऱ्याचा आदेश पुन्हा तपासणं. हाताखालच्याचे कागद मागवून वरिष्ठाने तपासले, तर ते ‘पुनरीक्षण’. त्यामुळे कोर्टाबद्दल लिहिताना ‘न्यायालयीन’ गाळू नका. वाचणारा फाइल घेऊन तहसीलदारांकडे जाईल. आणि अधिकाऱ्याला स्वतः ठरवायची जी मुभा असते, तिच्यासाठीचा ‘स्वेच्छाधिकार’ हा शब्द मला कायम खटकत आला आहे. अधिकाऱ्याला दिलेली असते ती मर्जी नव्हे, तारतम्याने ठरवायची जबाबदारी. मी ‘विवेकाधिकार’च लिहिते.

गोरेगावहून
दादा, ताई, आभार. फळा पुसून लिहिलं: ‘रिट याचिका दाखल. सुनावणी न देता व कारण न देता काढलेला आदेश रद्द करून फेरनिर्णयाची मागणी.’ सेक्रेटरींनी ‘फेरनिर्णय’खाली दोन रेघा मारल्या.