मदत हवी आहे: कुकामेलनला फुलं भरपूर, पण फळं गळतात

अंगणवेल:
न्यू जर्सीत कुकामेलनचे (द्राक्षाएवढी, आंबटसर, काकडीसारखी फळं देणारा वेल) दोन वेल लावलेत, प्रत्येकी 20 लिटरच्या कुंडीत. सकाळपासून दुपारी तीनपर्यंत ऊन असतं. रोपं मे अखेरीस बाहेर काढली, आता जुलैच्या मध्यावर वेल सहा फूट चढलेत. पानं गर्द हिरवी आहेत. फुलांमागे हरभऱ्याएवढं फळ दिसतं, पण ते पिवळं पडून गळून जातं. काकडीवरच्या पट्टेरी भुंग्यांच्या भीतीने वेलांवर पहिल्यापासून बारीक जाळी आहे. पाण्यात विरघळणारं 24-8-16 खत दर आठवड्याला देतेय. हा रोग आहे का? काय फवारू?

मातीकाम:
काहीही फवारू नका. पानं निरोगी आहेत, म्हणजे रोगाचा संशय नको. मादी फुलामागची ती गाठ म्हणजे अंडाशय. फूल उमलायच्या आधीपासूनच ती असते, म्हणून फळ धरल्यासारखं वाटतं. पराग पोचला नाही की ती पिवळी पडून गळते.

तुमच्याकडे याचं मुख्य कारण ती जाळी. मधमाश्या आतच येऊ शकत नाहीत. फुलं दिसू लागली की जाळी काढायची असते, आजच काढा. भुंगे दिसले तर सकाळी लवकर, ते सुस्त असताना, साबणाच्या पाण्यात झटकून टाका.

दुसरं म्हणजे, दोडका-भोपळ्याला आधी नर फुलं येतात, कुकामेलनला बहुधा उलट. सुरुवातीच्या मादी फुलांना परागच मिळत नाही, ती गळणारच. वेलावर नर फुलं आलीत का ते बघा: मागे गाठ नसलेली, नुसत्या बारीक देठावरची. ती असतील तर सकाळी अगदी बारीक कुंचला आधी नर फुलात आणि मग मादी फुलात फिरवा. फुलं इतकी चिमुकली असतात की हे काम किचकट आहे. शेजारी तुळस किंवा झेंडू फुलू दिलात तर मधमाश्या आपणहून येतील.

हिरवाचुडा:
मातीकाम यांच्याशी सहमत, पण खताचंही बघा. 24 म्हणजे नत्र, आणि आठवड्याला एवढं नत्र मिळालं की वेल पानंच काढत बसतो. ते बंद करून टोमॅटोचं, पालाश (पोटॅशियम) जास्त असलेलं खत पंधरवड्यातून एकदा द्या. शेंडा खुडा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतील.

पाणी कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत द्या. उन्हाळ्यात कुंडीला बहुधा रोज लागतं. माती एकदा कोरडी ठक्क आणि एकदा चिखल असं होत राहिलं तर परागीकरण झालेली फळंही गळतात.

अंगणवेल:
जाळी काढली. नर फुलं आहेत, झुपक्याने. फळं धरली तर तोडायची कधी?

मातीकाम:
द्राक्षाएवढी, म्हणजे दोन-अडीच सेंटीमीटरची आणि दाबून टणक लागली की लगेच. मोठी होऊ दिलीत तर साल चिवट होते, बिया भरतात आणि आंबटपणा वाढतो. एक दिवसाआड पानं उचलून शोधा, हिरव्या पट्ट्यांमुळे ती सहज नजरेतून सुटतात. अर्धी चिरून दाण्याचं कूट आणि मिरचीची फोडणी घातली की कोशिंबीर उत्तम होते, लिंबू लागत नाही.

हिरवाचुडा:
बियांसाठी पिकून आपोआप खाली पडलेली फळं घ्या. गर दोन-तीन दिवस पाण्यात आंबवा, तळाशी बसलेल्या बिया धुऊन सावलीत वाळवा. उगवण मात्र संथ असते: 1 सेंटीमीटर खोल, 21 ते 27 अंश सेल्सियस उबेत दोन ते तीन आठवडे. थंड मातीत पेरलं तर बी कुजतं.

त्याहून सोपं म्हणजे कंद. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या आपल्या घरी हा वेल बहुवर्षायू आहे, मुळाशी मुळ्यासारखे पांढरे कंद धरतो. पहिल्या हिमतुषाराच्या सुमारास वेल कापा, कंद न दुखावता उकरा आणि जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये, पाणी गोठणार नाही अशा थंड तळघरात ठेवा. एप्रिलमध्ये घरातच कुंडीत लावा, हिमतुषार संपल्यावर बाहेर काढा. बियांच्या रोपापेक्षा हा वेल लवकर फळाला येतो.