पोपटाची नखं घरी कापायला शिकायलाच हवं

खाडीपलीकडची

आमच्याकडे दोन वर्षांपासून सन कोनूर, म्हणजे पिवळा-केशरी विदेशी पोपट आहे. नाव केशर. गेल्या आठवड्यात तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावत होते आणि पडवीतून असा आवाज आला की हातातली काडेपेटी टाकून धावले. केशरचं मागचं नख झोक्याच्या सुती दोरीत अडकलं होतं आणि ती एका बोटावर उलटी लटकून पंख आपटत होती. मी खालून हाताचा आधार दिला, मुलाने कात्रीने दोरी कापली. बोट सुजलं, मोडलं नाही एवढंच नशीब.

नखं वाढलीत हे मला महिनाभर दिसत होतं. ओट्यासारख्या सपाट जागी उभी राहिली की तिची बोटं टेकायचीच नाहीत, नखांवर तोलली जायची. मी आज-उद्या करत राहिले. गुहागरकडे पक्ष्यांचा डॉक्टर कुठून आणू? तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर भले आहेत, पण त्यांचा दिवस गाईम्हशी आणि शेळ्यांत जातो. पोपट हाताळायची सवय नाही, असं त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितलं.

शेवटी रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही दोघांनी मिळून नखं कापली. टर्किश टॉवेल घेतला नाही, त्याच्या फाशांत नख अडकतं. साधा धुतलेला पंचा घेतला. मुलाने तिला पंच्यात गुंडाळून अंगठा आणि पहिलं बोट जबड्याच्या दोन बाजूंना ठेवलं, छाती पूर्ण मोकळी. मी एकेक बोट बाहेर काढून माणसांच्या नेलकटरने फक्त टोक उडवलं, एका वेळी मिलिमीटरभर. केशरची नखं काळपट आहेत, आत जिव्हाळी, म्हणजे नखातला रक्ताचा जिवंत भाग, कुठवर आलीय ते दिसत नाही. म्हणून चार नखं झाल्यावर थांबले, उरलेली चार दुसऱ्या दिवशी. रक्त आलंच तर दाबायला शेजारी वाटीत कॉर्नफ्लोअर काढून ठेवलं होतं, ते लागलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या किनाऱ्यावर जो पोपट पाळतो त्याला हे यायलाच हवं. डॉक्टर मिळेपर्यंत थांबू म्हणणारे महिने घालवतात आणि पक्षी कुठेतरी अडकतो. तुमचं काय मत?

भरतीओहोटी

ताई, केशर वाचली याचा आनंद आहे, पण मी तुमच्या अगदी उलट मताचा आहे. कारण सांगतो.

तीन वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याच्या घरी आमच्याकडे कॉकाटिएलची, म्हणजे तुरेवाल्या छोट्या विदेशी पोपटांची जोडी होती. नराची नखं मी घरीच कापायचो. पाच-सहा वेळा काहीही झालं नाही, आणि त्यामुळेच हात सैल पडला. सातव्या वेळी संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बसलो, नख काळं, पक्ष्याने पाय ओढला आणि जिव्हाळी कापली गेली. मी घाबरून बोट दाबण्याऐवजी नळाखाली धरलं. पाण्याने रक्त थांबत नाही, उलट गोठू पाहणारं धुऊन जातं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून चुना लावला. तो जीव ज्या तऱ्हेने ओरडला ते मी अजून विसरलेलो नाही. रात्री तो पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसला, सकाळी गेलेला होता.

त्याचं वजन शंभर ग्रॅमही नव्हतं. पक्ष्याच्या अंगात वजनाच्या साधारण दहा टक्के रक्त असतं. म्हणजे सगळं मिळून चहाचे जेमतेम दोन चमचे. त्यातलं किती गेलं तर चालेल, याचा हिशेब घाबरलेल्या माणसाने कसा करायचा? "सगळ्यांनी शिका" असं जेव्हा लिहितो, तेव्हा ते वाचून उद्या दहा जण नेलकटर हातात घेतील. त्यातल्या एकाच्याही घरी माझ्यासारखं होऊ नये.

खाडीपलीकडची

दादा, वाचून घशात आवंढा आला. पण तुम्ही जे लिहिलंत त्यातच माझं उत्तर आहे. पाण्याखाली धरू नये, चुना लावू नये, रात्री कापू नये, हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर? शिकवायचंच नाही म्हटलं तरी लोक कापणारच आहेत. न शिकता कापतील.

माडाखालचा

खाडीपलीकडच्या ताईंना माझा पाठिंबा. माझी आजी मालवणची, तिच्या हातात कोंबडी, मांजर, काहीही शांत व्हायचं. ती म्हणायची, "पाखराक हात लावच्या आदी आपलो जीव थंड करूक होयो." घाबरलेल्या माणसाने धरलेला पक्षी जास्त धडपडतो, हे खरंच आहे.

एक भर. घरात तुरटी असेल तर तिची बारीक पूड करून ठेवा. न्हावी दाढी करताना कापलं की तीच फिरवतात. नखाच्या टोकावर चिमूटभर दाबून धरली की रक्त थांबतं. चुना मात्र कधीच नको, तो भाजतो.

रानवाटसरू

नेलकटर धरायचा कसा यावर सगळे बोलताहेत. नखं वाढली का, हे कुणी विचारत नाही.

जंगलातल्या पोपटाची नखं कोण कापतं? आमच्या आवारात सकाळी थव्याने येतात. फांदी जाड, फांदी बारीक, कुठे साल खरबरीत, कुठे गुळगुळीत. पाय दिवसभर वेगवेगळ्या मापावर आवळतो आणि नख झिजतं. पिंजऱ्यात मात्र दुकानातून आलेली गोल, गुळगुळीत, एकाच जाडीची दांडी असते. दोन वर्षं त्याच दांडीवर पाय ठेवला तर नख वाढणारच. पोपटाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. दांडी इतकी जाड हवी की बोटांनी तिला पूर्ण वेढा पडू नये, पुढची आणि मागची नखं एकमेकांना भिडता कामा नयेत. बारीक दांडीवर नख हवेतच राहतं.

म्हणून माझं मत: कापणं हा उपाय नाहीच. पिंजरा बदला. आणि ज्यांच्याकडे हिरवा देशी पोपट आहे, कंठवाला असो की करण पोपट, त्यांच्यासाठी तर हा प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवून त्यांच्या ताब्यात द्या. स्वतःहून उडवून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर दोन दिवस टिकत नाही. ताई, कोनूर विदेशी असला तरी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. केली आहे ना?

खाडीपलीकडची

नोंदणी केली आहे. आणि पिंजऱ्यात आज पेरूची फांदी लावली.

देवगडकर_बागवाला

फांदीवरून बोलतो, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. कुठलीही फांदी तोडून पिंजऱ्यात घालू नका. हापूसच्या बागेत मोहोर आल्यापासून फळ उतरेपर्यंत फवारण्या चालतात. त्या झाडाची फांदी पोपटाने सोलून खाल्ली तर? पोपट फांदीवर नुसता बसत नाही, ती कुरतडतो. परसातल्या, कधीच औषध न मारलेल्या झाडाची घ्या. पेरू चालेल, जांभूळ चालेल. आंब्याची घेतली तर चीक पूर्ण वाळू द्या. कण्हेर आणि काजरा यांना हातसुद्धा लावू नका. काजऱ्याच्या बीत जहाल विष असतं आणि आमच्याकडे देवराईच्या कडेला तो सर्रास उगवतो. अनोळखी माणसाला नुसती हिरवीगार फांदी दिसते.

आणि पावसाळ्यात फांदीला आठवड्यात बुरशी धरते. घासून उन्हात वाळवा, नाहीतर बदला.

बाकी रानवाटसरूंशी मी सहमत नाही. पेरूची साल इतकी गुळगुळीत असते की तिच्यावर नख काय झिजणार? दोन महिने आमच्या पोपटीला पेरूची फांदी होती, नखं तशीच. शेवटी कापावीच लागली.

रानवाटसरू

नुसत्या सालीने झिजत नाही, हे मान्य. वेगवेगळ्या जाडीच्या तीन-चार फांद्या हव्यात आणि पक्ष्याला त्यांच्यावरून हलावं लागेल अशा लावायला हव्यात. पाणी एका टोकाला, खाणं दुसऱ्या टोकाला. एक सिमेंटची खरबरीत दांडीही मिळते. ती खाण्याच्या भांड्यासमोर लावा, झोपायच्या जागी नाही. सॅंडपेपरच्या नळ्या दांडीवर चढवतात त्या मात्र काढून टाका, त्यांनी नखं झिजत नाहीत आणि तळपाय सोलवटतात.

गोठा ते घरटं

मी पशुवैद्यक आहे, रायगड जिल्ह्यात काम करतो. माझ्याकडेही गाईगुरंच जास्त, पण पक्ष्यांचं शिक्षण घेतलं आहे. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आहे.

टोक उडवणं घरी जमू शकतं. ताईंनी जे केलं ते बहुतेक बरोबर केलं. छाती मोकळी ठेवली ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड वर-खाली हललं तरच हवा आत-बाहेर होते. मुठीत छाती आवळली तर रक्ताचा थेंबही न सांडता पक्षी गुदमरून मरतो, आणि लोकांना वाटतं भीतीने गेला. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागला, डोळे मिटू लागले, की हातातलं काम तिथेच सोडायचं आणि पक्षी पिंजऱ्यात ठेवायचा. एका बैठकीला दोन-तीन मिनिटं, जास्त नाही. मे महिन्याच्या उकाड्यात पंच्यात गुंडाळलेला पक्षी पटकन तापतो.

रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर किंवा तुरटीची पूड नखाच्या तोंडावर दाबून धरा. उचलून-उचलून बघू नका. पाच-दहा मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टर. थांबल्यावरही तासभर डोळ्यांसमोर ठेवा, दांडीवर नख घासलं की पुन्हा सुटतं.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. दांड्या नीट असूनही नखं भराभर वाढत असतील आणि त्याबरोबर चोचही लांबत असेल, तर तो बऱ्याचदा यकृताचा आजार असतो. वर्षानुवर्षं नुसत्या सूर्यफुलाच्या बिया खाणाऱ्या पोपटाच्या यकृतात चरबी साठते. अशा पक्ष्याला जखम झाली तर रक्तही लवकर गोठत नाही. भरतीओहोटी, तुमच्या पक्ष्याचं काय झालं ते आता कुणीच सांगू शकणार नाही, पण थोड्या रक्ताने एवढं व्हावं याचं हेही कारण असू शकतं. तुमच्या हाताचाच दोष होता असं धरून बसू नका.

चोच मात्र घरी कापायची नाही. कुणीही, कधीही.

भरतीओहोटी

डॉक्टर, तुमचे आभार. बिया तर आम्ही सूर्यफुलाच्याच देत होतो, सकाळ-संध्याकाळ. तरी माझं मत बदललेलं नाही. आजारी पक्षी आणि निरोगी पक्षी यातला फरक मला तेव्हा कळला नाही, तसाच दुसऱ्या कुणाला कळणार नाही. म्हणून पहिल्यांदा तरी डॉक्टरांसमोरच कापावं. त्यांच्याकडून हात धरून शिकावं, मग घरी. चारशे किलोमीटर जावं लागलं तरी एकदा जावं.

पडवीतला झोपाळा

दादा, रत्नागिरीच्या पुढून माणसाला दवाखान्यात न्यायचं तर लोक दहा वेळा हिशेब करतात. पोपटासाठी मुंबई कोण गाठणार? तुम्ही चांगल्या मनाने सांगता, पण हा सल्ला ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्यासाठीच आहे. माझ्या आईने आमच्या बजीची, म्हणजे बजरिगार या चिमुकल्या पोपटाची नखं कधीच धरून कापली नाहीत. ती हातावर राळ्याचे चार दाणे ठेवायची, पक्षी खात असला की बारीक कानशीने एका नखावर दोनदा घासायची, बस्स. रोज एक नख. आठ दिवसांत सगळी झाली, पंचाही लागला नाही. यात जिव्हाळी लागायची भीतीच नाही. ज्याला नेलकटरची धास्ती आहे त्याने हे करून बघावं.

गोठा ते घरटं

हे उत्तम आहे. माणसाळलेला पक्षी असेल तर मीही हेच सांगेन. वेळ जातो, पण पक्ष्याचा विश्वास जात नाही. दोरीत अडकण्याइतकं नख वळलं असेल तर मात्र आधी टोक काढावंच लागतं, आठ दिवस थांबता येत नाही.

खाडीपलीकडची

काल डॉक्टरांची प्रतिक्रिया वाचल्यावर केशरची चोच नीट पाहिली. इतके दिवस मी पायांकडेच बघत होते. वरची चोच खालच्यावर बरीच पुढे आलेली आहे, आणि मुलाच्या मोबाइलमधला गेल्या गणपतीतला फोटो काढून बघितला तर त्यात तशी नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, १४२ ग्रॅम भरलं. घेतली तेव्हा ११० होतं. मी तिला आवडतात म्हणून बियाच देत आले. लाल भोपळा, शेवग्याचा पाला दारात आहे, तो कधी पुढे ठेवला नाही.

भरतीओहोटी दादा, नखं घरी कापायला शिकावं हे माझं मत अजूनही आहे, कारण त्या दोरीतून सोडवायला त्या क्षणी दुसरं कुणी येणार नव्हतं. पण नख कशामुळे वाढलं ते न बघता मी कापलं आणि काम झालं असं समजले, इथे तुम्ही आणि रानवाटसरू बरोबर होता.

शनिवारी केशरला घेऊन मुंबईला परळच्या बैलघोड्याच्या दवाखान्यात, म्हणजे जनावरांच्या मोठ्या रुग्णालयात निघते आहे. चिपळूणपर्यंत एसटी, पुढे रेल्वे. प्रवासात पिंजऱ्यावर काय झाकावं आणि पाणी किती वेळाने द्यावं, कुणी नेलं असेल तर सांगा.

भरतीओहोटी

सुती ओढणी झाका, तीन बाजूंनीच, एक बाजू तुमच्याकडे उघडी ठेवा. पाण्याची वाटी काढून घ्या, सांडते. काकडीची जाड फोड तारेत खोचा, त्यातून पाणी मिळतं. झोका काढून ठेवा. पोचलात की इथे लिहा ताई, मी वाट बघतो.