विषय: व्याही चेंगडूचे, जेवायला काय करू?

मंडळी नमस्कार,
मुलीचं ठरलंय. मुलगा इथेच वाढलेला, आईवडील मूळ चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगडूचे. पुढच्या महिन्यात ते पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला येतायत, मग आम्ही त्यांच्याकडे. आम्ही दोघं पक्के शाकाहारी, अंडंही नाही. चायनीज म्हणजे मला दादरला खाल्लेलं मंचुरियन तेवढं माहीत. त्यांच्याकडे मी जेवू काय आणि त्यांना वाढू काय? कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.
— फ्रीमाँटच्या काकू

—

काकू, बिनधास्त जा! माझं सासर चेंगडूचंच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मंचुरियन आधी डोक्यातून काढा, ते मुंबईचं, १९७५च्या सुमारास नेल्सन वांग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केलेलं, चेंगडूच्या घरात ते सापडायचं नाही. घरी काय असतं, तर टेबलाच्या मधे चार-पाच पदार्थ आणि प्रत्येकापुढे वाटीभर पांढरा भात, बिनमिठाचा. आपण वाढून घेतो तसं एकदम घ्यायचं नाही, एखादा घास उचलायचा, भातावर ठेवायचा, खायचा, मग पुढचा. एक पदार्थ झणझणीत असला की दुसरा मुद्दाम साधा, नुसत्या लसणावर परतलेली पालेभाजी वगैरे, एखादं आंबट, आणि शेवटी अगदी फिकं पातळ सूप, कधीकधी नुसतं कोहळ्याचं. मा (सासूबाईंना मी मा म्हणते) बाजारात उभ्या उभ्या हे सगळं जुळवते, आज दोन तिखट झाले तर तिसरं काय, कोवळं काय मिळालंय, सासऱ्यांच्या दातांना काय चावेल. हॉटेलात हे कधीच कळत नाही हो, तिथे जो तो आपल्या आवडीची डिश मागवतो. मला चिनी जेवण खरं कळलं ते मा भाजी निवडत असताना शेजारी बसून.

ओट्याखाली तिची लोणच्याची मातीची बरणी असते. तोंडाभोवती पन्हळ, त्यात पाणी, वर पालथी वाटी, म्हणजे आतला गॅस बुडबुडे होऊन बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही. मिठाच्या पाण्यात मुळा, कोबी, चवळीच्या शेंगा, मिरच्या. पाणी तेच वर्षानुवर्षं, भाज्या तेवढ्या नव्या. ही तुम्हाला नक्की आवडेल!

आता शाकाहाराचं. आधीच स्पष्ट सांगा, आणि नुसतं ‘मांस नको’ म्हणू नका. परतायला डुकराची चरबी असू शकते, सूपात हाडांचा स्टॉक, सॉस ऑयस्टरचा, मापो टोफूत (तिखट रश्शातलं टोफू) तर खिमा असतोच. एकेक नाव घेऊन सांगितलंत की कुणी वाईट वाटून घेत नाही कारण ही गोष्ट त्यांना परकी नाहीये, बौद्ध घरांतून चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कितीतरी जण शाकाहारी जेवतात, आणि त्यात कांदा-लसूणही वर्ज्य. माच्या आईचं हेच होतं, म्हणून मला न विचारता मा खिम्याऐवजी शिताके मश्रूम बारीक चिरून घालते. त्यात पडणारी दोउबान, म्हणजे बाकल्याचे दाणे आणि लाल मिरची आंबवून केलेली पेस्ट, ती मुळात शाकाहारीच असते पण बाटलीवर वाचून घ्या.

टेबलावर दोनच गोष्टी सांभाळा. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचायच्या नाहीत, मृतांपुढे उदबत्त्या तशा लावतात. आणि मोठ्यांनी सुरुवात केल्याशिवाय हात लावायचा नाही. विहीणबाई तुमच्या वाटीत परत परत वाढतील, ते प्रेम आहे, घ्या.

तुमच्याकडे पुरणपोळीचा घाट नको पहिल्याच वेळी, गोड त्यांना फार लागत नाही. वरणभात, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर करा. वांगं चेंगडूकरांचा जीव की प्राण!
— सॅन होजेहून

—

ताई, फार छान लिहिलंस. तिकडची ती जीभ बधिर करणारी मिरी आणि आमचं तिरफळ एकच का गं? आमच्या मालवणात बांगड्याला लागतंच.
— एक मालवणी काका

—

काका, एकच नाही पण एकाच कुळातली, दोन्ही झँथोझायलम. तिरफळाचा वास जास्त लिंबासारखा, सिचुआनवाल्या मिरीचा झिणझिण्याचा जोर जास्त. दोन्हीत वरचं सालच वापरायचं, आतली काळी बी कचकचते म्हणून फेकायची. आणि गंमत म्हणजे आपल्याकडच्या शेजवान (म्हणजे सिचुआनच) चटणीत बहुतेक वेळा ही मिरी नसतेच! अमेरिकेत तर १९६८ पासून २००५ पर्यंत तिच्या आयातीवर बंदी होती, संत्र्या-लिंबांच्या झाडांना कॅंकर रोग लागेल म्हणून. मा इथे आली ती त्या काळात, आणि तिच्या स्वतःच्या मापो टोफूला चव येत नाही म्हणून तिने कितीतरी वर्षं तो केलाच नव्हता. मी सासरी आल्यावर आईने रत्नागिरीहून पाठवलेलं तिरफळ तिला दिलं तर तिने वास घेतला आणि लगेच कढई चढवली. काकू, तुमच्या विहीणबाईंसाठी हवं असेल तर माझ्याकडे या हंगामाचं आहे, शनिवारी मंडळाच्या मीटिंगला घेऊन येते.