पातळ नॉनवोवन (न विणता जोडलेल्या तंतूंच्या) थरांतून द्रवाचा प्रवास: मॉडेल आणि प्रत्यक्ष चाचणी जुळत नाही

तंतूजाल:
सॅनिटरी पॅडच्या तीन थरांचं रिचर्ड्स समीकरणावर (अर्धवट ओल्या सच्छिद्र पदार्थातल्या प्रवाहाचं समीकरण) अक्षसममित (सगळीकडे सारखं पसरणारं) मॉडेल केलं आहे. वर पॉलिप्रॉपिलीन स्पनबाँड टॉपशीट (१८ जीएसएम म्हणजे ग्रॅम प्रति चौ. मीटर, ०.१५ मिमी), मध्ये द्रव घेऊन पसरवणारा थर, थ्रू-एअर बाँडेड एडीएल (५० जीएसएम, ०.९ मिमी), खाली एअरलेड पल्पचा कोअर (१५० जीएसएम, १.८ मिमी, सॅप म्हणजे अतिशोषक पॉलिमर नाही). मधोमध ५ मिली सलाइन, वेळ ६० सेकंद. तिन्ही थरांचे व्हॅन गेनुक्टन वक्र (केशिका दाब आणि संपृक्तता, म्हणजे छिद्रांचा भरलेला भाग, यांचं नातं) निथळण्याच्या चाचणीतून घेतले आहेत.

मॉडेल म्हणतं एडीएलची संपृक्तता ५ टक्के आणि कोअरमधला ओला गोल २४ चौ. सेमी. प्रत्यक्षात थर सुटे करून वजन केलं की एडीएलमध्ये याच्या कितीतरी पट पाणी निघतं आणि डाग लांबट असतो. शिवाय कोरड्या कोअरला द्रव टेकला की टाइमस्टेप (गणनेची वेळेची पायरी) मायक्रोसेकंदांवर घसरतो. चूक कुठे आहे?

केशनळी:
बाकी सगळं बाजूला ठेवून आधी पाण्याचा हिशेब करा. सेल्युलोजची घनता १.५ धरली तर कोअरची सच्छिद्रता ०.९४ येते, म्हणजे दर चौ. सेमीला जास्तीत जास्त ०.१७ मिली. २४ चौ. सेमीत ४.१ मिली मावतं. एडीएलमध्ये ५ टक्क्यांनी ०.१ मिली, आणि टॉपशीट काठोकाठ भरली तरी ०.३ मिली. बेरीज ४.५. उरलेलं अर्धा मिली मॉडेलनं गिळलंय!

समीकरण फक्त दाबाच्या रूपात सोडवलं की असं होतं. कोरड्या भागात टाइमस्टेपमध्ये धारणक्षमता (दाब बदलला की आर्द्रता किती बदलते ते) झपाट्यानं बदलते आणि वस्तुमान गळतं. मिश्र रूप वापरा: काळाच्या पदात आर्द्रता, प्रवाहाच्या पदात दाब. सेलिया आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत हीच आहे. दर टाइमस्टेपला ओतलेलं वजा साठलेलं छापून पाहा. फरक ०.१ टक्क्याच्या वर गेला तर पुढचे आकडे वाचूच नका.

सॉल्व्हर अडकतो त्याचं कारण बहुधा सीमेवरच्या वाहकतेची सरासरी. हार्मोनिक सरासरीत कोरड्या कोअरची जवळपास शून्य वाहकता सगळ्यावर मात करते आणि दार बंद होतं. तिथे वरच्या प्रवाहाकडची, म्हणजे गणनेच्या जाळीतल्या ओल्या चौकटीची सापेक्ष पारगम्यता (ओलाव्यानुसार बदलणारी वाहकता) घ्या. कोअरच्या पहिल्या ०.२ मिमीत ही जाळी (मेश) २० मायक्रॉनपर्यंत बारीक करा.

धागा_उभा_आडवा:
वरचं सगळं पटलं, पण टॉपशीटला डार्सीचा नियम (प्रवाह दाबाच्या उताराच्या प्रमाणात) लावणंच मला मान्य नाही. १८ जीएसएम भागिले पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९१ करा, उत्तर २० मायक्रॉन. सगळे तंतू वितळवून सपाट पसरले तर जेमतेम एका तंतूच्या जाडीचा पापुद्रा होतो. त्याच्या जाडीत 'सरासरी संपृक्तता' कशाची काढणार? ती पडद्यासारखी धरा: उंबरठा दाब आणि ओलांडल्यावरची वाहकता, एवढे दोनच आकडे.

उंबरठ्याचा अंदाज घ्या. स्पर्शकोन १०५ अंश आणि भोकाची त्रिज्या ५० मायक्रॉन असेल तर सुमारे ७५० पास्कल, म्हणजे ७.५ सेमी पाण्याचा स्तंभ. पॅडवर साचलेल्या ३ मिमी थराचा दाब ३० पास्कल. म्हणजे द्रव आत जातो तो केवळ तंतूंवरच्या ओलावणाऱ्या फिनिशमुळे, आणि हे फिनिश पहिल्या ओतणीत काही प्रमाणात धुऊन जातं. दुसऱ्या-तिसऱ्या ओतणीचं मॉडेल करताना स्पर्शकोन तोच ठेवला तर स्ट्राइक-थ्रूची (द्रव टॉपशीट ओलांडण्याची) वेळ हमखास कमी येते.

एडीएलसुद्धा जाडीच्या दिशेनं एकच सरासरी असलेला द्विमितीय थर म्हणून घ्या. शेजारच्या थरांशी देवाणघेवाण दोन्हींकडच्या केशिका दाबांच्या फरकाला एका गुणांकानं गुणून. सीमेवर दाब सलग असतो, संपृक्तता नव्हे. तिथे उडी येणारच.

ओलकापड:
एडीएलमध्ये उरलेल्या पाण्याचं उत्तर दोन ठिकाणी आहे.

पहिलं, वक्र. कोअर पाणी ओढून घेतोय, म्हणून त्याला शोषणाचा वक्र हवा. निथळण्याचा दिलात तर एकाच संपृक्ततेला त्याचं खेचणं वाढवून दाखवलं जातं. एडीएल आधी भरतो, मग रिकामा होतो, म्हणून त्याला दोन्ही लागतात. शोषणाचा वक्र घरगुती साधनांनीही मिळतो: जी४ (बारीक छिद्रांच्या) सिंटर्ड काचेच्या चकतीचं फनेल, खाली लवचीक नळी, नळीचं टोक वजनकाट्यावरच्या भांड्यात. नमुन्यावर ०.५ किलोपास्कल वजन ठेवा, भांडं ६० सेमी खाली घेऊन सुरुवात करा, ५-५ सेमीनं वर आणा, दर पायरीला काटा स्थिर होऊ द्या. चकतीखाली हवेचा एक बुडबुडा राहिला तरी सगळं वाचन वाया जातं. वजन काढून घेऊ नका, नमुना चकतीवरून किंचित उचलला तरी संपर्क तुटतो.

दुसरं, थरांमधला संपर्क. मॉडेलमध्ये एडीएल कोअरला पूर्ण चिकटलेला आहे. खऱ्या पॅडमध्ये तो गोंदाच्या रेषांवर टेकतो आणि मधे हवा असते. तोच प्रयोग ०.५ आणि २ किलोपास्कलखाली करून ६० सेकंदांनी थर तोला. दाब वाढवल्यावर एडीएलमधलं पाणी घटलं तर अडथळा सीमेवरच आहे. वर सांगितलेला गुणांक याच दोन आकड्यांवर बसवा.

डाग लांबट येतो कारण कार्डिंगमध्ये, म्हणजे विंचरताना, तंतू यंत्राच्या दिशेनं लागतात. अक्षसममित मॉडेलला ते दिसणारच नाही. सुट्या एडीएलवर थेंब टाका. लंबवर्तुळाच्या अक्षांचं गुणोत्तर १.५ असेल तर पारगम्यतेचं गुणोत्तर त्याचा वर्ग, २.२५.

तंतूजाल:
मिश्र रूपात चालवलं, हिशेब जुळला, टाइमस्टेपही सुधारला. आता शोषणाचा वक्र घेतो. एक शंका: आडव्या पट्टीच्या चाचणीतून (पट्टीत द्रव किती वेळात किती अंतर जातो) पारगम्यता थेट काढता येईल का?

केशनळी:
थेट नाही. अंतराचा वर्ग विरुद्ध वेळ या रेषेचा उतार पारगम्यता आणि केशिका दाबाचा गुणाकार देतो, सुटे आकडे नाहीत. दाब फनेलच्या वक्रातून घ्या, मग भागा. पट्टी झाकून ठेवा, नाहीतर बाष्पीभवनानं रेष शेवटी वाकते. सलाइनऐवजी रक्तासारखा द्रव घेतलात तर ती झाकूनही वाकेल, कारण वेग मंदावला की त्याचा चिकटपणा वाढतो. तेव्हा फक्त सुरुवातीच्या सरळ भागाचा उतार घ्या.