मोठी डिझेल गाडी कुटुंबासाठी घ्यावी का? आराम, खर्च आणि रोजची सोय यांबाबत सल्ला हवा आहे

प्रश्न

आम्ही घरात सहा माणसे आहोत: आम्ही दोघे, नऊ आणि तीन वर्षांची दोन मुले, आणि माझे आई-वडील. आत्ताच्या छोट्या गाडीत सगळे मावत नाहीत, म्हणून कुठेही जायचे झाले की कोणीतरी मागे राहते, आणि बहुतेक वेळा ती माझी आईच असते. ही गोष्ट मला फार दिवसांपासून खटकते आहे. चार वर्षे वापरलेली, दोन लिटरच्या डिझेल इंजिनाची एक सात आसनी गाडी मी चालवून पाहिली आणि तिचा पिकअप व महामार्गावरची स्थिरता मला मनापासून आवडली. मालकाच्या सांगण्यानुसार ती लिटरला १४ किलोमीटर ॲव्हरेज देते. तेवढ्याच आकाराची पेट्रोल गाडी १० च्या आसपास देते असे कळते, पण तिची किंमत कमी आहे. माझे रोजचे जाणे-येणे १२ किलोमीटरचे, तेही गर्दीतून. शिवाय महिन्यातून एकदा सगळ्यांना घेऊन सुमारे ४०० किलोमीटरचा प्रवास होईल. आईचे गुडघे दुखतात. अशा परिस्थितीत डिझेल घेणे शहाणपणाचे ठरेल का?

प्रतिसाद १

आपण दिलेल्या आकड्यांवरूनच हिशोब मांडू. महिन्याला २५ दिवस धरले तर रोजच्या फेऱ्यांचे ३०० आणि सहलीचे ४००, म्हणजे वर्षाला ८,४०० किलोमीटर होतात. १४ च्या ॲव्हरेजने त्याला ६०० लिटर डिझेल लागेल आणि १० च्या ॲव्हरेजने ८४० लिटर पेट्रोल लागेल. गर्दीत दोन्ही आकडे खाली येतील, पण फरक साधारण याच घरात राहील. या दोन खर्चांतील तफावतीने दोन्ही गाड्यांच्या किमतीतील फरकाला भागले, की जादा मोजलेली रक्कम किती वर्षांत वसूल होईल ते आपल्याला लगेच कळेल. ती वर्षे गाडी ठेवण्याच्या मुदतीपेक्षा जास्त निघाली, तर बचतीचा मुद्दा तिथेच निकालात निघतो.

मला मात्र इंधनापेक्षा आपल्या त्या १२ किलोमीटरची जास्त काळजी वाटते. आजच्या डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो, ज्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळण्यासाठी त्याचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते, आणि त्यासाठी गाडी बराच वेळ एका लयीत पळावी लागते. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा किलोमीटर, तेही रखडत, एवढ्यात हे काम पुरे होत नाही. मग गाडी जास्तीचे डिझेल सोडून फिल्टर तापवायचा प्रयत्न करते, आपण मध्येच इंजिन बंद करतो, आणि न जळलेल्या डिझेलचा काही भाग खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतो. माझ्या गाडीत हेच झाले. डॅशबोर्डवर फिल्टरचा इशारा देणारा दिवा लागला तेव्हा मी दोन आठवडे दुर्लक्ष केले, आणि शेवटी डिपस्टिक काढून पाहिली तर ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर चढलेली होती व बोटाला चक्क डिझेलचा वास येत होता. पातळ झालेले ऑइल बेअरिंगांना आणि टर्बोला नीट वंगण देत नाही, म्हणून ते तातडीने बदलावे लागले.

महिन्यातून एकदाचा लांबचा प्रवास उपयोगाचा आहे, पण तो पुरेल असे मी खात्रीने म्हणणार नाही. दर आठवड्याला वीस-पंचवीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर गाडी नेणे आपल्याला जमणार असेल, तरच डिझेलचा विचार करावा.

प्रतिसाद २

खर्चाचे वर आले आहेच. मी आरामाबद्दल लिहितो, कारण आपण गाडी फक्त चालकाच्या जागेवरून तपासली आहे असे दिसते.

माझ्या आईसाठी गाडी बघताना मी प्रत्येक वेळी तिला सोबत नेत असे, आणि त्यामुळे माझ्या पसंतीच्या दोन गाड्या बाद झाल्या. उंच गाडीत चढताना दुखरा गुडघा वाकवून सगळा भार त्यावर घ्यावा लागतो. सीटची उंची कमरेइतकी असेल तर माणूस नुसता टेकून, वळून आत बसतो. ती दाराच्या चौकटीवर हात ठेवून किती वेळ थांबते, एवढे पाहिले तरी मला उत्तर कळत असे.

तिसऱ्या रांगेत स्वतः बसा, आणि निदान अर्धा तास दुसऱ्या कोणाला गाडी चालवू द्या. बऱ्याच गाड्यांत तिथली जमीन उंच आणि सीट बुटकी असते, त्यामुळे मांड्यांना आधार मिळत नाही आणि गुडघे छातीकडे येतात. ही रांग मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागे असल्याने खड्ड्याचा दणका तिथे सर्वांत जास्त बसतो, आणि ज्या मुलांना गाडी लागते त्यांना तिथेच आधी मळमळते. तिथपर्यंत एसीची हवा पोहोचते का, तेही पाहा. तीन वर्षांच्या मुलाची सीट मधल्या रांगेत बसवली की ती बाजू पुढे सरकवून मागे जाता येते का, हे तर सीट बसवूनच तपासले पाहिजे. कित्येक गाड्यांत ते जमत नाही, आणि मग दर वेळी दुसऱ्या बाजूने चढावे लागते.

सहा माणसे बसल्यावर सामानाला किती जागा उरते, हेही तिसरी रांग उघडी ठेवूनच पाहा.

प्रतिसाद ३

गाडी पाहायला जाल तेव्हा मालकाला इंजिन आधी सुरू करू नका असे सांगा आणि पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. ते गरम असेल तर थंड इंजिन कसे सुरू होते हे आपल्याला कळणार नाही. सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवून पाहा. फिल्टर शाबूत असेल तर नळी आतून बरीच स्वच्छ असते. जाड काजळी लागली तर फिल्टर फुटला आहे किंवा काढून टाकला आहे असा संशय घ्यावा, आणि अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण तो धूर शेवटी आपल्याच मुलांच्या फुप्फुसांत जातो. धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचे द्रावण लागणारी गाडी असेल तर त्याची टाकी आणि पंप यांची दुरुस्ती कधी झाली तेही विचारा. गाडी मॅन्युअल असेल तर क्लच आणि फ्लायव्हील शेवटचे कधी बदलले याची पावती मागा. एवढ्या वजनाच्या गाडीत ते काम महाग पडते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल आईला घेऊन पुन्हा गेलो होतो. ती मधल्या रांगेत दोन प्रयत्नांनंतर बसली, पण उतरताना तिला माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला, आणि मुलाची सीट लावल्यावर वडिलांना तिसऱ्या रांगेत जाण्यासाठी वाटच उरली नाही. इंधनाचा हिशोबही मांडला: आमच्या वापरात किमतीतील फरक भरून निघायला नऊ वर्षे लागतात. ती गाडी मी सोडली आहे. आता थोडी बुटकी, सरकत्या दारांची पेट्रोल गाडी पाहतो आहे, आणि या वेळी पहिल्याच दिवशी आई व मुलाची सीट दोन्ही सोबत असतील.

प्रतिसाद २ चा लेखक

सरकते दार पूर्ण उघडल्यावर आईंचा हात सहज पोहोचेल अशी पकडायची मूठ चौकटीच्या आतल्या बाजूला आहे का, तेवढे नक्की पाहा. नसेल तर ती नंतर नीट बसवून घेता येते, पण पत्र्यात मजबूत जागा असावी लागते.