जुनी एमजीबी सोसायटीच्या आवारात जॅकवर घ्यायची आहे: टेकू नेमका कुठे द्यावा?

पार्लेकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९६९ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे बिनछपराची, दोन आसनांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. इंजिन उत्तम आहे आणि रविवारी सकाळी गाडी वांद्र्यापर्यंत बिनतक्रार जाऊन येते. मात्र ऑइल बदलणे, पुढच्या किंगपिनांना (पुढची चाके ज्यांवर वळतात त्या उभ्या खिळींना) ग्रीस देणे, मागच्या ड्रममधले ब्रेक शू पाहणे ही किरकोळ कामे दर वेळी गॅरेजवर सोपवण्याचा आता कंटाळा आला आहे. शिवाय हल्ली या गाडीला हात लावताना बिचकणारेच मेकॅनिक अधिक भेटतात. म्हणून ही कामे घरीच करावीत असे ठरवले आहे. अडचण आहे ती गाडी उचलण्याची. गाडी इतकी बुटकी आहे की माझा नेहमीचा ट्रॉली जॅक पुढून आत शिरतच नाही आणि डिकीतल्या जॅकवर माझा भरवसा नाही. आमच्या आवारात पेव्हर ब्लॉक आहेत आणि पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून त्यांना थोडा उतार दिलेला आहे. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये मात्र गुळगुळीत फरशी आहे. जॅक कुठे लावावा, स्टँड कुठे ठेवावेत आणि या दोन जागांपैकी कोणती बरी, हे कृपया सांगावे. शेजारचे एक गृहस्थ सिमेंटचे ठोकळे द्यायला तयार आहेत. ते चालतील का?

माहीमकर

ठोकळ्यांचा प्रश्न आधी निकालात काढतो: चालणार नाहीत. सिमेंटचा ठोकळा भिंतीत रचला की पूर्ण पृष्ठभागावर सारखा दाब घेतो. पण गाडीखाली त्याच्या एका कोपऱ्यावर लोखंडाची धार टेकली की तो वाकत नाही, चेपत नाही, कोणतीही सूचना न देता एकदम फुटतो. विटांचेही तेच. आणि जॅक, मग तो कितीही महागाचा असो, गाडी उचलण्यापुरताच असतो. त्याच्या आतले तेल रबरी सीलने अडवलेले असते. ते सील केव्हा दगा देईल ते बाहेरून कळत नाही. गाडी वर गेली की ती स्टँडवर, म्हणजे आपले गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात तिच्यावर, उतरवायची आणि त्यानंतरच हात किंवा डोके खाली घालायचे. यात तडजोड नाही.

आता जागा. एमजीबीला स्वतंत्र चॅसी, म्हणजे खालचा वेगळा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार वाहते. त्यामुळे जिथे पत्रा दिसेल तिथे जॅक लावता येत नाही. पुढून उचलताना दोन्ही चाकांच्या मधून आडव्या जाणाऱ्या क्रॉसमेंबरच्या मधोमध जॅक घ्यावा. तो भक्कम आहे आणि दोन्ही चाके एकदम उचलली जातात. इंजिनाचा संप (खालचे ऑइलचे भांडे), गिअरबॉक्स आणि पायाखालच्या फ्लोअरचा सपाट पत्रा यांना जॅक कधीही लावू नये. मागून उचलताना डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेल्या आणि दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांच्या गोळ्याच्या, ओतीव भागाखाली जॅक घेता येतो, मात्र त्याच्या मागच्या पातळ झाकणावर जोर येता कामा नये. स्टँड पुढे क्रॉसमेंबरच्या दोन टोकांखाली आणि मागे ॲक्सलच्या नळ्यांखाली, लीफ स्प्रिंग जिथे बसते त्याच्या शक्य तितक्या जवळ ठेवावेत. जॅकच्या वाटीत रबराचा किंवा सागवानाचा पातळ तुकडा ठेवावा, म्हणजे लोखंडावर लोखंड घसरत नाही.

जॅक आत शिरत नाही याला दोन उपाय आहेत. एक तर कमी उंचीचा ट्रॉली जॅक घ्यावा. ते जमत नसेल तर दीड-दोन इंच जाडीच्या रुंद फळ्या जमिनीवर टाकून पुढची चाके आधी त्यांच्यावर चढवावीत. रे रोडच्या लाकूडबाजारात अशा फळ्या मापाने कापून मिळतात. दुसरा उपाय स्वस्त आहे आणि मला तो अधिक आवडतो.

हँडब्रेकबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या गाडीचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. पुढून उचलताना त्याचा उपयोग आहे. मागून उचलली की ती चाके हवेत असतात आणि ओढलेला हँडब्रेक शोभेपुरता उरतो. गाडी गिअरमध्ये ठेवूनही तेव्हा काही साधत नाही, कारण गिअरही त्याच मागच्या चाकांना धरतो. गिअरच्या भरवशावर मागचे एकच चाक उचलले, तरी डिफरन्शियलमुळे वर गेलेले चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे सुटते. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या प्रत्येक चाकाला पुढून आणि मागून, दोन्हीकडून लाकडी पाचरी ठोकून बसवाव्यात. दगड लावू नये. गोल दगड चाकाबरोबर गडगडतो.

स्टँड विकत घेताना त्यावर लिहिलेल्या टनांपेक्षा त्याची वेल्डिंग आणि खटका नीट पाहावा. २०२० साली अमेरिकेत दातेरी पट्टीच्या स्टँडची फार मोठी संख्या बाजारातून परत मागवावी लागली, कारण खटका दात्यात पुरता बसत नव्हता आणि भार आल्यावर स्टँड अचानक खाली येण्याची शक्यता होती. पुढे त्यांच्या बदल्यात दिलेल्या काही स्टँडमध्येही वेल्डिंगचा दोष निघाला. त्यामुळे मी तरी आडवी जाड पिन भोकातून आरपार घालायचे साधे स्टँड पसंत करतो. दिसायला गावठी, पण पिन बसली आहे की नाही ते डोळ्यांनी दिसते. नागदेवी स्ट्रीटवर दोन्ही प्रकार मिळतात. ही गाडी टनभराच्या आतबाहेर आहे, तरी दोन टनांपेक्षा कमी क्षमतेची जोडी घेऊ नये.

गाडी स्टँडवर उतरल्यावर लगेच खाली शिरू नका. बाजूला उभे राहून, आधी पुढच्या आणि मग मागच्या मडगार्डला हात लावून गाडी चांगली हलवून पाहा. स्टँड कुरकुरला किंवा जरासा सरकला, तर पुन्हा जॅकवर घेऊन जागा बदला. जॅकही काढून टाकू नये. क्रॉसमेंबरला जेमतेम टेकेल इतका वर ठेवून तिथेच राहू द्यावा. चाक काढलेच असेल, तर ते सिलच्या (दरवाज्याखालच्या लांब, पोकळ पत्र्याच्या पट्टीच्या) कडेखाली आडवे सरकवून ठेवावे.

लालबागकर

माहीमकरांच्या मताशी सहमत आहे, पण प्रश्नाचा जमिनीविषयीचा भाग मागे राहिला, आणि मुंबईत खरी गोम तिथेच आहे. ट्रॉली जॅकचा हात वर जाताना सरळ उभा वर जात नाही, कमानीत फिरतो. म्हणजे गाडी जसजशी उचलली जाते तसतशी जॅकची वाटी आडवीही सरकते आणि त्यासाठी जॅकची छोटी लोखंडी चाके घरंगळायला मोकळी असावी लागतात. पेव्हर ब्लॉकवर ती चाके दोन ब्लॉकच्या फटीत अडकतात. मग जॅक पुढे जात नाही, वाटी मात्र सरकत राहते आणि टेकलेला बिंदू सुटतो. जॅकचा मागचा भाग किंचित उचलला जातो आहे असे दिसले तर समजावे की चाके अडकली आहेत. लगेच खाली घ्यावे.

पेव्हर ब्लॉक वाळूच्या थरावर बसवलेले असतात, हे दुसरे संकट. पावसाळ्यात ती वाळू वाहून जाते आणि वरून सपाट दिसणारा ब्लॉक खालून पोकळ राहतो. स्टँडचे चार पाय म्हणजे चार टोके. गाडीचा पावपाव भार त्या टोकांवर येतो तेव्हा असा ब्लॉक एका बाजूने खचू शकतो, तोही गाडी तासभर व्यवस्थित उभी राहिल्यानंतर. त्यामुळे आपण आवारात काम करू नये असेच मी सुचवेन, उतार असल्यामुळे तर मुळीच नाही. इमारतीखालची फरशी सपाट असेल तर ती चांगली, फक्त तिच्यावर धूळ, पाणी किंवा सांडलेले ऑइल असता कामा नये. तिथे प्रत्येक स्टँडखाली १९ मिलिमीटरच्या मरीन प्लायचा, स्टँडच्या पायांपेक्षा बराच मोठा चौकोनी तुकडा ठेवावा आणि प्लायखाली रबरी चटई घालावी. भार पसरतो, घसरणे थांबते आणि फरशीला तडा जाऊन सेक्रेटरींची चिठ्ठी येण्याची वेळही येत नाही. जॅकच्या मार्गातही एक मोठा प्लाय टाकावा, म्हणजे त्याची चाके सांध्यांत अडखळणार नाहीत.

मुलांची खेळायची वेळ टाळावी आणि हाकेच्या अंतरावर कोणीतरी मोठे माणूस असावे. वॉचमनला आधी सांगून ठेवले तरी पुष्कळ झाले.

पार्लेकर

दोघांचेही मनापासून आभार. इमारतीखालीच काम करतो. आणखी दोन शंका आहेत. गाडीला तारेची चाके आहेत. त्यांचा मधला स्पिनर, म्हणजे चाक धरून ठेवणारा एकमेव मोठा नट, गाडी वर घेतल्यावर ठोकावा की आधी? आणि सिलचा पत्रा बाहेरून नवा दिसतो, पण आतून कसा आहे ते मला ठाऊक नाही. त्यावर स्टँड ठेवला तर चालेल का?

गिरगावकर

स्पिनर गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा. स्टँडवरच्या गाडीला हातोड्याचे घाव बसू देणे म्हणजे माहीमकरांनी सांगितलेली हलवून पाहण्याची चाचणी आपण खाली वाकलेलो असताना करणे होय. कोणत्या दिशेने फिरवायचा ते त्याच्यावरच्या बाणावरून पाहावे, कारण डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट आहेत. हातोडा तांब्याचा किंवा कातड्याच्या तोंडाचा असावा. पुन्हा बसवताना मात्र चाक किंचित अधांतरी ठेवून स्पिनर आधी घट्ट करावा, म्हणजे ते हबच्या (चाक ज्यावर चढते त्या मधल्या भागाच्या) दातांवर मधोमध बसते, आणि गाडी खाली आल्यावर शेवटचे घाव द्यावेत.

सिलबद्दल मात्र सावध राहा. रोडस्टरला छप्पर नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना बांधून ठेवण्याचे काम मुख्यतः सिलच करतात, आणि आपल्या खाऱ्या हवेत सिल आतून कुजतात. वरचा रंग काहीच सांगत नाही. चुंबक कापडात गुंडाळून सिलच्या खालच्या कडेने फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूहळू ठोकत जा. धड पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द आवाज देतो.

आणखी एक परीक्षा दरवाज्याची. गाडी चाकांवर असताना दरवाजा आणि मागचे मडगार्ड यांच्यामधल्या फटीत, खालच्या टोकाला, पोस्टकार्डाच्या घड्या करून अशी जाडी बनवा की ती घडी जेमतेम आत सरकेल. आता तीच घडी फटीच्या वरच्या टोकाला घालून पाहा. सहज गेली तर बॉडी ताठ असावी. अडकली, किंवा दरवाजा उघडताना खालून घासला, तर मधला भाग खाली झुकलेला असू शकतो. अशा गाडीच्या सिलखाली स्टँडही ठेवू नये आणि दोन खांबांच्या लिफ्टवरही ती चढवू नये, कारण त्या लिफ्टचे हात नेमके तिथेच टेकतात. चारही चाकांखाली टेकू असलेल्या रॅम्पवर नेऊन एखाद्या जुन्या, जाणत्या डेंटरला आतला पत्रा दाखवावा.

पत्रा धड निघाला तरीही, ऑइल आणि ग्रीसच्या कामासाठी सिलला हात लावण्याचे कारण नाही. पुढची बाजू उचलली की ती दोन्ही कामे होतात. ब्रेकसाठी नंतर मागची उचला. डिफरन्शियलच्या ऑइलची पातळी पाहायची असेल तेव्हाच चारही बाजूंनी गाडी समतल घ्यावी लागते. तेव्हा आधी एक बाजू स्टँडच्या सर्वांत खालच्या भोकावर, मग दुसरी, आणि नंतर आळीपाळीने एकेक भोक वर, अशी चढवावी.